मालकाच्या हातची फुली

माझ्या टपाचा जेवढा तुकडा अजून अंगावर उरलाय, त्यावर तुम्हाला पांढऱ्या रंगाची अर्धी फुली दिसेल. उरलेली अर्धी लोखंडी पंजानं खाल्ली. मी एक लाल स्पोर्ट्स कार बोलतेय. लाल म्हणजे काय, होते. आता कुठं लाल, कुठं उघडा पत्रा, आणि चालकाच्या दाराच्या आतल्या अंगाला जे काळपट दिसतंय तो रंग नाही. ते माझ्या मालकाचं रक्त आहे.

अंगावर काटा आला? मग इथंच थांबा. माझ्या कहाणीत गोड असं थोडंच आहे, मोडतोडच जास्त.

माझा जन्मच मुळी मारामारीत झाला. मी पोलादाचा एक सपाट पत्रा होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला उचलून साच्यावर टाकलं आणि वरून असा काही दणका बसला की माझं बॉनेट तयार झालं. दुसऱ्या दणक्यात दारं. मग ठिणग्या उडवत माझे सांधे जोडले, भट्टीत भाजलं, वर लाल रंगाचे थर चढवले. शोरूमच्या काचेआड उभी राहिले तेव्हा लोक म्हणायचे, काय नाजूक दिसते! नाजूक म्हणे. इतका मार खाऊन कुणी नाजूक राहतं का?

माझा पहिला मालक बड्या बापाचा लेक होता. त्यानं मला कोरी करकरीत घेतली आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी पुढे गेलं म्हणून स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या. त्याला हरायची सवय नव्हती. दुभाजकावर त्यानं मला दोनदा घासलं, एकदा गेटच्या खांबाला माझं तोंड फोडलं. रंग मारून पुन्हा सुंदर केली की झालं. तिसऱ्या वर्षी त्याचा जीव दुसऱ्या गाडीवर जडला आणि मी बाजारात आले, निम्म्या किमतीला. ती निम्मी किंमतच एका पोराच्या मुळावर आली.

तो पोरगा म्हणजे माझा दुसरा मालक. वय चोवीस. त्याच्या बापाचं भंगाराचं यार्ड होतं, मेलेल्या गाड्या तोडायचं. सोळाव्या वर्षापासून हा तिथं राबत होता. सकाळ झाली की घण घ्यायचा आणि काचा फोडायला लागायचा. दारं उपसायची, सीटा फाडून काढायच्या, इंजिनं साखळीला टांगायची. हाताला सतत ग्रीसचा वास, नखं कायमची काळी. मला बघायला आला तेव्हा त्यानं मला हात लावण्याआधी हात पँटला पुसले. तेवढ्यावरच मी त्याच्यावर भाळले, खोटं कशाला बोलू?

"सगळी उमर मढी फाडण्यात चाललीय," तो विकणाऱ्याला म्हणाला. "एक तरी जिवंत हवी ना, राव."

"आणि परवडेल का?" विकणाऱ्यानं उगाच विचारलं. त्याला काय, विकायचीच होती.

"पन्नाशीत परवडेल. तेव्हा हिच्यातून उतरायला दोन माणसं लागतील. हौसेला मोल नसतं."

खरं आहे. हौसेला मोल नसतं. पण हौसेनंतर येतं त्या सगळ्याला असतं, आणि ते माझ्यासारखीला चांगलंच ठाऊक होतं. माझे टायर दुप्पट महाग. माझा विमा, तरुण चालक म्हटल्यावर, विचारूच नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ती कोंबडी म्हणजे मी. त्याच्या बापाचं एक वाक्य मी पुढे यार्डात ऐकलं, तो कुठल्याशा गिऱ्हाइकाला सुनावत होता: "अहो, गाडी जुनी झाली की ती निम्म्या किमतीत मिळते. तिचे टायर मिळतात का निम्म्या किमतीत?" माझ्या मालकानं हे वाक्य जन्मभर ऐकलं असणार. पण बापाची वाक्यं म्हणजे घरातलं घड्याळ. टिकटिक ऐकू येईनाशी होते.

आता मुख्य गोष्ट सांगते. त्यानं मला घेतली ते पैसे त्याच्या कष्टाचे होते, चोरीचे नव्हते. पण ते ठरलेले पैसे होते. यार्डातला पंजा, म्हणजे गाड्या उचलणारं ते अजस्र मशीन, म्हातारं झालं होतं. त्याची केबिन ठेंगणी. तिथून रांगेतल्या गाड्यांची टपं तेवढी दिसायची, आत काय आहे ते दिसायचं नाही. नव्या मशीनची केबिन वर उचलता येते, चालवणाऱ्याला वरून, समोरच्या काचेतून थेट गाडीच्या पोटात बघता येतं. ते नवं मशीन बहीणभावानं निम्मं-निम्मं घालून घ्यायचं ठरलं होतं. पंजा चालवायची त्याची ताई. आई लवकर गेली, तेव्हापासून याला न्हाऊमाखू घालून हिनंच वाढवलेलं. ताईनं आपली निम्मी रक्कम काढून तयार ठेवली. यानं आपली निम्मी माझ्यात घातली आणि वर कर्ज काढून हप्ते लावून घेतले.

घरी पत्ता लागू दिला नाही. एका मेकॅनिक मित्राच्या गाळ्यात मला ठेवलं. सुट्टीच्या दिवशी यायचा, मला घेऊन गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर जायचा. काय पळवायचा हो मला! झाडं अंगावर धावून यायची, वाऱ्याच्या थपडा बसायच्या, वळणावर माझे टायर किंचाळायचे आणि हा मोठ्यानं हसायचा. वळण चुकलं असतं तर दोघांच्या चिंध्या झाल्या असत्या. तरी त्या रस्त्यावर तो सुखी होता. हे मी कुणासमोरही छातीठोकपणे सांगेन.

मग मित्राला गाळा सोडावा लागला. दुसरी जागा भाड्यानं घ्यायची तर खिशात हप्त्यापुरतेच पैसे. आणि या शहाण्याला अशी युक्ती सुचली, जी फक्त भंगारवाल्याच्या पोरालाच सुचू शकते. त्यानं मला यार्डातच आणलं. बाप आणि ताई कुठल्याशा लिलावाला गेलेले बघून त्यानं मला मागच्या रांगेच्या अगदी टोकाला उभी केली. अंगावर चिखल फासला. बॉनेटवर दोन चेपलेली दारं टाकली. आणि ब्रश घेऊन माझ्या टपावर पांढरी फुली मारली.

फुलीचा अर्थ सांगायला हवा. त्या यार्डात प्रत्येक गाडीची आधी बॅटरी काढतात, मग पेट्रोल. बॅटरी वेगळी विकली जाते, तिच्यावर बापाचा भारी जीव. हे दोन्ही झालं की टपावर फुली. फुली म्हणजे गाडीत आता काही राहिलं नाही, सरळ प्रेसमध्ये, म्हणजे गाड्या चेपून ठोकळा करणाऱ्या यंत्रात, घाला. फुलीवाल्या गाडीकडे यार्डात कुणी ढुंकूनही बघत नाही. बिनफुलीची उभी केली असती तर बाप पाना घेऊन बॅटरी काढायला आला असता. म्हणून फुली. रांग नेहमी पुढून संपवत येतात, माझी पाळी यायला कितीतरी वेळ होता. तोवर दुसरी जागा बघू, असा याचा हिशोब. वरवर बघता हिशोब चोख होता.

एकदा ताई आणि तो माझ्यासमोरच उभे होते. याची पाठ माझ्याकडे.

"काय राजे," ताई म्हणाली, "तुमचा वाटा कधी येणार? मशीनवाला रोज फोन करतोय."

"ठेव मोडायला वेळ लागतो गं. पुढच्या महिन्यात."

"मागच्या महिन्यातही पुढचाच महिना होता. त्या डबड्यात बसून माझी मान गेलीय. परवा पंजा टाकला तर एका गाडीत मांजरी व्यालेली होती. मला दिसलीच नाही रे. पिल्लं..." मग तिनं याच्या डोक्यात टपली मारली. "लवकर आण. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही."

तो "हो" म्हणाला. त्याचा हात मागे माझ्या चिखलानं माखलेल्या दारावर होता. त्या क्षणी सांगून टाकलं असतं तर चार शिव्या आणि एक मुस्काटात, एवढ्यावर भागलं असतं. पण तो बोलला नाही.

माझ्यावर जीव तर होताच. मग त्यानं एक खूळ काढलं. प्रेस चालू झाली की यार्डात असा गडगडाट व्हायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. त्या गडगडाटात हा हळूच माझ्यात येऊन बसायचा, इंजिन चालू करायचा आणि डोळे मिटायचा. जायचं कुठंच नाही. नुसतं इंजिनाचं कापरं अंगात भरून घ्यायचं. थोडा वेळ, मग पुन्हा घण.

त्या दिवशी दुपारी तो असाच बसला होता. रांगेच्या पुढच्या टोकाला एक ट्रक बंद पडून वाट अडवून उभा राहिला, म्हणून ताईनं मशीन वळवलं आणि मागून सुरुवात केली. मागून पहिली मी.

मला पंजा येताना दिसला. याला नाही. माझं इंजिन घुमत होतं, प्रेस गडगडत होती, डोळे मिटलेले होते.

पाच पोलादी नखं माझ्या टपातून आत घुसली. काच एका दमात फुटून त्याच्या तोंडावर आली. एक नख शेजारच्या सीटमधून आरपार गेलं, दुसऱ्यानं डॅशबोर्ड खाली दाबला आणि त्याचा डावा गुडघा त्याखाली चिरडला. हाड मोडल्याचा आवाज प्रेसच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? मला आला. माझ्या आतच तर मोडलं. तो ओरडला. ती किंकाळी माझ्या फाटलेल्या पत्र्यात अडकून राहिली. मग पंजा आवळला, माझे खांब काटक्यांसारखे वाकले, आणि मी त्याच्यासकट जमिनीवरून उचलले गेले. पेट्रोलची नळी फाटली. तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडून चर्रर्र होऊ लागलं.

त्याची छाती स्टिअरिंगवर दाबली गेली आणि माझा हॉर्न वाजायला लागला. मी वाजवला म्हणा हवं तर. त्याच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

ताईनं तो ऐकला. पुढे तिनंच सांगितलं. ती मनात म्हणाली, राहिली वाटतं कुणाची बॅटरी, आणि पंजा प्रेसकडे फिरवला. खाली प्रेसचा जबडा उघडा होता.

पण हॉर्न बापानंही ऐकला. फुलीच्या गाडीचा हॉर्न वाजतो म्हणजे काय? म्हणजे बॅटरी आत आहे! चांगली, विकण्याजोगी बॅटरी प्रेसमध्ये चाललीय! म्हातारा वजनकाट्यावरून उठून शिव्या देत धावत सुटला. "बॅटरी कुणी ठेवली रे गाढवांनो! थांबव! थांबव म्हणतो ना!" ताईच्या कानावर आवाज अडवणारी झापडं, तिला काय ऐकू जाणार? त्यानं हातातला पाना गरगर फिरवून केबिनवर फेकला. पाने फेकण्याबद्दल म्हातारा मुळातच बदनाम. काच फुटली, ताईच्या कपाळाला खोक पडली आणि तिनं पंजा चालवायचे दोन्ही दांडे सोडले. मी प्रेसच्या जबड्यावर लोंबकळत राहिले.

"अहो बाबा, वेड लागलं का तुम्हाला?" ती रक्त पुसत ओरडली.

बाप दोन पावलं मागे सरकला. तो वर बघत होता. माझ्या फाटलेल्या दारातून एक हात बाहेर लोंबत होता. काळ्या नखांचा.

माझा मालक जिवंत राहिला तो बापाच्या चिकटपणामुळे. बॅटरीसाठी धावला आणि पोरगा वाचवला. यात हसण्यासारखं आहे, पण त्या यार्डात त्यावर कुणी कधी हसलं नाही.

मला खाली ठेवलं. पेट्रोल सांडलेलं, तेव्हा गॅसकटर चालवणं म्हणजे सगळ्यांनाच जाळणं. मग दोघांनी मला हातांनी फाडलं. ताईनं पहार घालून दार उपटलं, बापानं जॅक लावून डॅशबोर्ड उचलला. पत्र्यानं त्यांचे हात सोलून निघाले. ताई सारखी म्हणत होती, "झोपू नकोस. राजे, झोपायचं नाही हं. माझ्याकडे बघ." तो तिच्याकडे बघत होता आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "ताई, गाडी माझी आहे." तिला वाटलं, पोरगा भ्रमात बडबडतोय.

रुग्णवाहिका त्याला आणि ताईला घेऊन गेली. बाप मागे राहिला, गेट लावायला म्हणून. माझ्या डिकीत त्याला हप्त्याचे कागद सापडले. वाचून झाल्यावर त्यानं घण उचलला. माझे दिवे फोडले, तोंड फोडलं, बॉनेट सपाट होईतो मारलं. हाताला फोड येऊन फुटले तरी मारत राहिला. मी मुकाट मार खाल्ला. घणाचा प्रत्येक घाव पोराला बसायचा होता हे मला कळत होतं, आणि तो पोराला बसू नये म्हणूनच माझ्यावर बसत होता हेही.

पाय गेला. डावा, गुडघ्यापासून. माझ्या क्लचचा.

काही आठवड्यांनी विम्याचा माणूस आला. पांढरा शर्ट, बुटांना चिखल लागू नये म्हणून टाचा उचलत चालणारा. माझा मालक कुबड्यांवर उभा. दूर टिनाच्या भिंतीला टेकून ताई. अपघातापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती आणि केबिनमध्ये चढली नव्हती. पंजा तिथंच गंजत होता, यार्डात गाड्यांचे ढीग लागले होते.

"ही फुली कुणी मारली?" माणसानं विचारलं.

मालकानं कुबडी चिखलात घट्ट रोवली.

"हे बघा," त्यानं आवाज उतरवला, "ऑपरेटरनं चुकून मारली, निष्काळजीपणानं उचलली, असं असेल तर तुम्हाला गाडीचे पैसे मिळू शकतात. ऑपरेटरवर पुढे काय व्हायचं ते होईल. आणि मालकानंच फुली मारून भंगारात लावली असेल, तर मग काय, दमडी मिळणार नाही. नीट आठवून सांगा."

एक शब्द बदलला असता तर त्याचं कर्ज फिटलं असतं. ताईनं भिंतीवरून मान उचलली नाही. तिलाही ते कळलं होतं, आणि ती अडवणार नव्हती. आपल्याला शिक्षा व्हायला हवी असंच तिला वाटत असावं.

"फुली माझ्या हातची आहे," मालक म्हणाला. "तिला दिसलंच नसतं. तिला दिसावं म्हणूनचे पैसे मी हिच्यात घातलेत." आणि त्यानं कुबडी माझ्यावर आपटली.

माणूस गेला. तेव्हापासून मालक हप्ते भरतोय, दर महिन्याला, अशा गाडीचे जिच्यात कोंबडीसुद्धा बसणार नाही. अजून कितीतरी वर्षं भरणार आहे.

लोक मला बघायला येतात. कुणी तरुण पोरं येतात आणि एकमेकांना विचारतात, मग या वयात घ्यावी का अशी गाडी? मी गाडी आहे, मी "घेऊ नका" कसं म्हणू? पैसा उधळायचा असतो, आणि गुडघे धड असतानाच उधळायचा असतो, यात बापापेक्षा पोरगाच बरोबर होता. पण घ्यायच्या आधी एवढं बघा की ज्या पैशानं मला घेताय, त्या पैशाची वाट दुसरं कुणी बघत बसलंय का. कुणी बसलं असेल तर माझ्याकडे बघूसुद्धा नका, मी कितीही लाल असले तरी. आणि घेतलीच, तर मला लपवू नका. रस्त्यावर मेले असते तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.

काल माझा मालक पुन्हा आला. कुबड्या टेकत थेट ताईसमोर गेला.

"मला पंजा शिकव."

ती जायला वळली.

"दोन दांडे आहेत, दोन हात आहेत. मशीन पुढेमागे घ्यायला उजवा पाय पुरतो. यार्ड बंद पडलंय ताई. तू चढू नकोस. मी चढतो."

तिनं त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो कुबडीसकट चिखलात पडला. मग तीही चिखलात बसली आणि त्याचं डोकं छातीशी धरून गुरासारखी ओरडून रडली. "मी तुला चिरडत होते रे. हातानं. माझ्या या हातानं." बाप काट्याजवळ उभा राहून उगाच एक बॅटरी पुसत होता.

आज सकाळपासून ती त्याला शिकवतेय. खाली उभी राहून ओरडते, "हळू, मूर्खा! दांडा आहे, घण नाही!" आणि तो केबिनमधून हसतो. पहिली गाडी कुठली उचलायची हे त्यानंच ठरवलं. मी. माझी तक्रार नाही. ज्या हातांनी मला घेतलं, त्यांनीच उचलावं.

पंजा माझ्या डोक्यावर येऊन थांबलाय. पण ताईनं त्याला 'उचल' म्हणून अजून हात केलेला नाही. ती माझ्याजवळ आली, तुटलेल्या टपातून आत वाकली. सीटवरून हात फिरवला, सीटखाली पाहिलं, मागे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं. रोज पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत ती आता असंच बघणार आहे, मला माहीत आहे. तिचे केस माझ्या फुटक्या काचेत अडकले, ते तिनं हलकेच सोडवले. बरं वाटलं मला.

आत कुणी नव्हतं. ती मागे सरकली, त्याला दिसेल अशी उभी राहिली, आणि तिनं हात वर केला.